बारा सेकंदांचा रफू

"हॅलो, आवाज येतोय का?" हे विचारणं अमरावतीच्या स्नेहसदन वसतिगृहातल्या मुलींनी सोडून दिलं, त्याला आता सव्वा वर्ष झालं होतं. त्याआधी हे वाक्य तिथे दिवसातून हजारदा ऐकू यायचं. जिन्यात, गच्चीवर, न्हाणीघराच्या दारात, एका हातात मोबाइल उंच धरून आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने कान बंद करून पोरी घरच्यांना तेच विचारायच्या, आणि घरचेही पलीकडून तेच विचारायचे. कधीकधी सगळा फोन त्यातच संपायचा.

ज्योत्स्ना डोंगरदिवे या सगळ्याची साक्षीदार होती. तळमजल्यावर जिन्याखालच्या खोलीत ती बावीस वर्षं बसत होती. दारावर 'संगणक व इंटरनेट दुरुस्ती' अशी पाटी होती, पण पोरी त्या जागेला नेटखोलीच म्हणत. आयटीआयचं प्रमाणपत्र, पेचकसांचा एक डबा आणि पुठ्ठ्याच्या बांधणीची तक्रारवही, एवढ्या भांडवलावर तिने दोनशे बारा खोल्यांचा संसार सांभाळला होता. तक्रारी ठरलेल्या असायच्या. पासवर्ड विसरला. लॅपटॉपवर चहा सांडला. वायफाय पलंगाच्या पायथ्याशी येतं, उशाशी येत नाही. नव्वद टक्के दुखण्यांवर तिचं औषध एकच होतं: बंद करा, दहा आकडे मोजा, चालू करा. उरलेल्या दहा टक्क्यांसाठी ती स्वतः जिने चढायची.

बोलताना ती अडखळायची, अगदी लहानपणापासून. 'प' आणि 'म' ही दोन दारं तिच्यासाठी नेहमी आतून कडी लावलेली. ती "प-प-प" म्हणायला लागली की चुणचुणीत पोरी "पासवर्ड ना ताई?" म्हणून मोकळ्या व्हायच्या. त्यांना वाटायचं, आपण मदत केली. ज्योत्स्नाही हसून मान हलवायची. पण तोंडातला शब्द दुसऱ्याने काढून घेतला की कसं वाटतं, हे तिला शाळेच्या पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि ते तिला कधीच आवडलं नव्हतं.

मग तो डबा आला. कंपनीने त्याला 'संवाद-सांधक' असं भारदस्त नाव दिलं होतं. प्रत्येक मजल्यावर एकेक, बसायच्या पाटाएवढा, राखाडी रंगाचा. बसवायला आलेल्या इंजिनिअरने तो कसा चालतो ते समजावून सांगितलं. फोनवरचा आवाज आणि चेहरा हजारो बारीक तुकडे करून पाठवला जातो. वाटेत काही तुकडे हरवतात, तिथे बोलणं तुटतं. हा डबा तुमच्या माणसांचं बोलणं ऐकत ऐकत शिकतो. त्यांचा सूर, त्यांच्या लकबी, त्यांची ठरलेली वाक्यं. तुकडा हरवला की तिथे काय असणार याचा अंदाज बांधतो आणि त्याच आवाजात, ओठांच्या त्याच हालचालीत ती जागा भरून काढतो. आई "जेवलीस" म्हणाली आणि लाइन तुटली, तर पुढचं "का?" डबा म्हणतो. अडीच सेकंदांपर्यंतचं भोक तो बुजवतो, त्याहून मोठं असलं तर गप्प राहतो.

"म्हणजे रफू," ज्योत्स्ना म्हणाली.

त्या मुलाला रफू म्हणजे काय ते माहीत नव्हतं. तिने साडीचा पदर पुढे करून खिळ्याला अडकून फाटलेली जागा दाखवली. त्याला ती शोधूनही सापडली नाही, आणि तेव्हापासून वसतिगृहात डब्याचं नाव रफू पडलं.

रफू आला आणि तक्रारवही उपाशी मरायला लागली. रोज संध्याकाळी ज्योत्स्ना तारीख घालून एकच ओळ लिहायची: 'तक्रार नाही.' आता हिला कशाला ठेवायची, अशी कुजबुजही ऑफिसात झाली होती. तिने ती ऐकून न ऐकल्यासारखी केली. खरं सांगायचं तर तीही त्या डब्यावर खूश होती. यवतमाळच्या तिच्या मोठ्या बहिणीशी, मंगलाशी, तिचे फोन हल्ली कसे छान व्हायचे. मंगला मधे तोंड घालत नव्हती, घाई करत नव्हती.

महिन्याच्या पहिल्या तारखेला डबे एक तक्ता काढून देत. कोण काय बोललं ते डबे साठवत नव्हते आणि ज्योत्स्नाला ऐकूही येत नव्हतं. तिच्यापुढे फक्त आकडे यायचे: खोली नंबर, त्या खोलीच्या फोनमध्ये रफू किती. बहुतेक खोल्यांपुढे दोन, तीन, फार तर पाच टक्के असायचे. एप्रिलच्या तक्त्यात तिचं बोट एकतीस नंबरवर थांबलं. डिसेंबरात चार. जानेवारीत अकरा. फेब्रुवारीत सव्वीस. मार्चमध्ये एकेचाळीस.

शंभर शब्दांतले एकेचाळीस डब्याचे! ज्योत्स्नाने पेचकसांचा डबा उचलला आणि बऱ्याच दिवसांनी जिना चढली.

एकतीस नंबर म्हणजे केतकी वानखडे. फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला, पिंपळझिऱ्याची. वडील अरविंद वानखडे एसटीत कंडक्टर. पहिल्या वर्षी या बापलेकींच्या फोनची लाइन फार तुटायची, तेव्हा अरविंदरावांनी एक युक्ती काढली होती. फोन लागला की ते पिंपळझिरा ते अमरावती सगळे थांबे खणखणीत आवाजात म्हणायचे. पिंपळझिरा, खडकी फाटा, सोनार नाला, वाठोडा, जिनिंग, टाकरखेड, शेवती, रेल्वे गेट, अमरावती! मधला एखादा गळला की केतकी ओरडायची, "बाबा, वाठोडा पळाला!" की ते पुन्हा म्हणायचे. नऊच्या नऊ थांबे आले म्हणजे लाइन ठीक, मग बोलायला सुरुवात. रफू आल्यावर त्याची गरज उरली नाही, पण रोज साडेचारला थांब्यांची गाडी सुटायचीच. शेजारच्या खोल्यांतल्या पोरींनाही ती यादी तोंडपाठ झाली होती.

ज्योत्स्नाने केतकीच्या खोलीत भिंतीतली नेटची पेटी उघडली, वायर बदलली, लॅपटॉप बंद करून दहा आकडे मोजून चालू केला. केतकी पलंगावर मांडी घालून पुस्तकावरून तिच्याकडे पाहत होती.

"ताई, कशाला त्रास घेता? माझं नेट एकदम झकास आहे. उलट बाबा आधी बोलता बोलता खाकरायचे ना, तेसुद्धा बंद झालं आता."

"तू घरी कधी गेली होतीस गं?"

"दिवाळीत. आता परीक्षा झाली की जाईन. रोज तर बघते त्यांना, त्यामुळे काही वाटत नाही."

ज्योत्स्ना खाली आली. तिला वाटलं, बिघाड गावाकडच्या बाजूला असणार. तिने पिंपळझिऱ्याच्या लाइनची चाचणी लावली. दहा हजार तुकडे तिकडून निघाले आणि दहा हजारच्या दहा हजार इथे पोचले. गावात फेब्रुवारीतच नवी तार आली होती. ती लाइन तर वसतिगृहाच्या लाइनपेक्षाही चांगली होती.

मग हा डबा बुजवत होता काय?

तिने पुन्हा चाचणी लावली. पुन्हा दहा हजार. एखादं ज्वारीचं पोतं वाटेत कुठेही फाटलं नाही आणि तरी घरी आल्यावर कमी भरलं, तर त्याचा अर्थ एकच. निघतानाच ते कमी होतं.

विचार करता करता तिची नजर तक्त्याच्या अगदी तळाशी गेली. तिथे तिच्या स्वतःच्या नेटखोलीची ओळ होती. नेटखोली, रफू सहा टक्के. दर महिन्याला सहा. तिच्या टेबलापासून डब्यापर्यंतची वायर हातभर लांब होती, त्यात एक तुकडाही हरवणं शक्य नव्हतं. मोजणीतली चूक असेल म्हणून सव्वा वर्ष तिने त्या सहाकडे काणाडोळा केला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

तो आकडा तिच्या 'प'चा आणि 'म'चा होता. तुटलेल्या लाइनवर शब्द अडतो तसाच तो तिच्या ओठांवर अडायचा, आणि डब्याला दोन्हीतला फरक कळत नव्हता. तो तिचे शब्द तिच्याआधी पुरे करत होता आणि मागून येणारा तिचा खरा शब्द गिळून टाकत होता. मंगला घाई करत नव्हती, कारण मंगलाला सव्वा वर्षात बहिणीचं अडखळणं ऐकूच आलं नव्हतं.

तिने एकतीस नंबरची नोंद उघडली. रफूची मर्यादा: बारा सेकंद.

बारा? सगळ्यांची तर अडीच होती. तिने तक्रारवही मागून पुढे चाळली आणि नोव्हेंबरच्या पानाला टाचणी लावलेली चिठ्ठी सापडली. अक्षर तिचंच. '३१ - मर्यादा १२ केली. गावचा टॉवर दुरुस्त झाला की परत अडीच.' तेव्हा वीज पडून पिंपळझिऱ्याचा टॉवर बंद पडला होता, केतकी या खोलीत येऊन रडली होती, "ताई, बाबांचा आवाज नुसता तुटतोय," आणि पोरीचे डोळे पाहून ज्योत्स्नाने कुणालाही न विचारता आकडा बदलला होता. मग टॉवर दुरुस्त झाला, नवी तार आली, तक्रार आली नाही. आणि तक्रार नाही म्हटल्यावर ज्योत्स्ना चिठ्ठी विसरली.

म्हणजे तीन महिने पिंपळझिऱ्यात एक माणूस बोलताना अडत होता, महिन्यागणिक जास्त अडत होता, आणि त्याच्या मुलीला रोज साडेचारला खणखणीत आवाज ऐकू येत होता.

मर्यादा गुपचूप अडीचवर आणून ठेवायची, असा विचार तिच्या मनात येऊन गेला. कुणाला कळलंही नसतं. उद्या केतकी धावत आली असती, "ताई, बाबांची लाइन बिघडली," आणि हळूहळू तिचं तिलाच समजलं असतं. ज्योत्स्नाला स्वतःची लाज वाटली. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. तिने केतकीला खाली बोलावलं.

सांगताना ती नेहमीपेक्षा जास्त अडखळली. केतकीने सवयीने दोनदा तिचे शब्द पुरे केले आणि दोन्ही वेळा चुकीचे केले. मग मात्र ती गप्प बसून ऐकत राहिली.

"म्हणजे मी रोज कुणाशी बोलत होते?" तिने शेवटी विचारलं.

"बाबांशीच. पण थोडं... त्या डब्याशीही."

"तुम्ही केलंत हे? मला न विचारता?"

"हो. तू रडत होतीस म्हणून केलं. आणि मग विसरले. चूक माझीच आहे, केतकी."

केतकी उठून उभी राहिली, पुन्हा बसली. तिला रागवायचं होतं हे दिसत होतं, पण रागवायला वेळ नव्हता. साडेचार वाजत आले होते. चाचणीसाठी नेटखोलीत एक जुनी वायर होती, ती कुठल्याही डब्यातून न जाता थेट बाहेर जायची. ज्योत्स्ना तिला कच्ची लाइन म्हणायची. केतकीने लॅपटॉप त्या वायरला जोडला आणि फोन लावला.

पडद्यावर अरविंदराव आले. चेहरा ओळखीचाच होता, पण ओठाचा डावा कोपरा किंचित खाली ओघळला होता; डबा तिथे रोज जुनेच ओठ भरत आला होता. लेकीला पाहून ते हसले आणि ते हसू उजव्या बाजूनेच उमटलं. केतकीने ज्योत्स्नाचा हात घट्ट धरला.

"पिं...पळ...झिरा," अरविंदराव म्हणाले. मग श्वास घेतला. "खड...की... फाटा." मग बराच वेळ काही नाही. ओठ हलत होते, गळ्याची शीर ताणली होती, डोळे समोरच्या रस्त्यावर काहीतरी शोधत असल्यासारखे. पस्तीस गावांत ज्याचा आवाज गर्दीतून शेवटच्या सीटपर्यंत पोचायचा, तो माणूस सोनार नाल्याशी उभा होता आणि त्याला नाला सापडत नव्हता.

"सो..." केतकीच्या तोंडून निघालं. ज्योत्स्नाने मान हलवली. नको. थांब.

पण थांबणं केतकीला जमेना. तिने थांबे सोडून दिले आणि रोजचा प्रश्न विचारला. "बाबा, बरं आहे ना?"

भिंतीवरचं घड्याळ टकटक करत होतं. ज्योत्स्नाने न ठरवताच सेकंद मोजले. सहा. आठ. अकरा.

"बरं... नाई... बाई," अरविंदराव म्हणाले.

केतकीच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहायला लागलं. रोज या प्रश्नाला तिला एकच उत्तर मिळायचं, "हाव, मस्त आहे, तू अभ्यास कर." चार वर्षं ते हेच म्हणत आले होते, म्हणून डब्यानेही तेच धरून ठेवलं होतं.

तिची आई, सुनंदाबाई, पदराला हात पुसत पडद्यात आली. "काय झालं, केतू? आज रडून काहून राह्यली?"

"आई, बाबांना हे कधीपासून आहे?"

"संक्रांतीपासून. तवापासून सुट्टीवरच हायेत. तुले तं रोज दिसते." सुनंदाबाईंना प्रश्नच समजला नाही. "मी म्हनत होती, दवाखान्यात जाऊ. तं हे हातानं नाई म्हनत. लिहून दाखवलं मले, पोरगी दवाईचं शिकते, रोज माह्याकडं पाह्यते, काही मोठं असतं तं बोलली नसती काय? अन् मांगच्या मंगळवारी त्यायनं तुले सांगितलं ना, जीभ जड पडली म्हनून. किती वेळ लागला त्यायले तेवढं बोलाले. तू हसली. 'छान, चला ठेवते' म्हनली. मंग मलेही वाटलं, नसन काही."

केतकीला तो मंगळवार आठवला. बाबा मस्त आहे म्हणाले होते. ती खरंच हसली होती.

"आई, ऐक," तिने नाक पुसलं आणि तिचा आवाज एकदम दवाखान्यातल्या माणसासारखा झाला. "एसटीची वाट पाहू नको. गाडी कर आणि बाबांना आत्ताच्या आत्ता अमरावतीला घेऊन ये. त्यांना काही खायला-प्यायला देऊ नको, ठसका लागेल. मी मोठ्या दवाखान्याच्या दारात उभी राहते."

"अन् तुही परीक्षा?"

"आई!"

पडद्यावर अरविंदरावांनी हात वर केला. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. केतकीने या वेळी ओठ घट्ट मिटून घेतले आणि वाट पाहिली.

"ये...तो," ते म्हणाले.

त्या दिवशी ज्योत्स्नाही दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी मेंदूचे फोटो काढले. दोन लहान झटके येऊन गेले होते, एक जानेवारीत आणि दुसरा बहुतेक फेब्रुवारीच्या शेवटी. तिसरा कधीही आला असता आणि तो लहान असलाच असता याची खात्री नव्हती. आता औषधं सुरू होतील, ते म्हणाले. संक्रांतीलाच आणलं असतं तर दुसरा टळला असता. वाचा परत येईल, सगळी नाही, पण बरीचशी, आणि हळूहळू. रोज सराव हवा. निघताना त्यांनी केतकीला एक गोष्ट बजावून सांगितली. "त्यांचा शब्द अडला की तुम्ही पुरा करू नका. कितीही वेळ लागू दे. तो शोधण्यातच त्यांचा मेंदू नवी वाट तयार करतो."

ज्योत्स्ना बाजूला उभी राहून ऐकत होती. तिला लहानपणी हे कुणी सांगितलं असतं तर, असं तिच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी तिने रेक्टर लोखंडे मॅडमना चिठ्ठी दाखवली आणि सगळं कबूल केलं. त्यांनी ज्योत्स्नाला लेखी ताकीद दिली आणि कंपनीला पत्र पाठवलं. कंपनीचं उत्तर सभ्य होतं. भोक वाटेत पडलं की माणसाच्या तोंडात, हे सांधकाला ओळखता येत नाही, त्याचं काम बोलणं अखंड ठेवण्याचं. अडीच सेकंदांची मर्यादा पाळली तर धोका नाही.

"प-पण मॅडम," ज्योत्स्ना म्हणाली, "माझं अडखळणं अडीच सेकंदांतच बसतं."

लोखंडे मॅडमनी हे वाक्य पूर्ण होईपर्यंत वाट पाहिली. बावीस वर्षांत पहिल्यांदाच.

त्या संध्याकाळी ज्योत्स्नाने नेटखोलीचा रफू बंद केला आणि मंगलाला फोन लावला. ती दोन वाक्यं बोलली नसेल तोच मंगला म्हणाली, "काहून गं, नेट बिघडलं का तुझं? आवाज अडकून राहिला."

"नेट नाही गं ताई. म-म-मीच आहे."

पलीकडून मंगला म्हणाली, "अगोबाई. मी सगळ्यांना सांगत फिरले की तुझं बोलणं सुधारलं. देवीला नारळसुद्धा फोडून आले." दोघी बहिणी हसल्या, आणि हसता हसता मंगलाच रडायला लागली. "बोल तू," ती म्हणाली, "मला कुठं जायचंय."

ज्योत्स्नाने मग सव्वा वर्षाचे तक्ते काढले आणि लाइन शाबूत असूनही रफू वाढत गेलेल्या खोल्या वेगळ्या केल्या. सात निघाल्या. आकडे कारण सांगत नव्हते. कुणाच्या आजोबांनी कवळी काढून ठेवली असेल. कुणाची आई बोलता बोलता हुंदका गिळत असेल. कुणाच्या भावाला संध्याकाळचं धड बोलताच येत नसेल. काहीच नसेलही. केतकीचं सगळ्या वसतिगृहाला कळलं होतं, त्यामुळे दारावर नुसता एक कागद चिकटवणं पुरेसं होतं: 'घरी फोन करायला कच्ची लाइन. रोज चार ते सहा. तुटेल, अडेल. घाई असेल तर येऊ नये.'

पहिल्या दिवशी दोघी आल्या. आठवड्याने जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत रांग लागायला लागली. "हॅलो, आवाज येतोय का?" हे वाक्य वसतिगृहात परत आलं. तक्रारवहीतही काहीबाही लिहिलं जाऊ लागलं.

मेच्या पहिल्या आठवड्यात केतकीची परीक्षा संपली. दुसऱ्या दिवशी ती गावी जाणार होती, तरी साडेचारला ती कच्च्या लाइनवर हजर होती. पडद्यावर अरविंदराव ताठ बसले होते. गणवेशाचा खाकी शर्ट घातला होता, कामावर जायचं नसतानाही.

"पिंपळ...झिरा," त्यांनी गाडी सोडली. "खडकी... फाटा. सो...नार नाला." तिथे केतकीने श्वास सोडला. "वा...ठोडा. जिनिंग. टा...कर...खेड." रांगेतल्या पोरी बोलायच्या थांबल्या. यादी सगळ्यांना पाठ होती, पण कुणाचेही ओठ हलले नाहीत. "शे...वती. रेल्वे... गेट."

आणि तिथे ते अडले.

घड्याळ टकटक करत राहिलं. बारा सेकंद झाले. पंधरा. केतकीने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. वीस. अरविंदरावांनी लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग त्यांच्या ओठाचा उजवा कोपरा हळूच वर गेला.

"गेट... बंद... हाये," ते म्हणाले. "थांब... जरा."

केतकी आधी हसली आणि मग ओंजळीत तोंड लपवून रडली. चार वर्षांत हे वाक्य ते कधीच म्हणाले नव्हते. ते कुठल्याही डब्याला सुचलं नसतं. ती थांबली. गेट उघडायला अजून दहा सेकंद लागले आणि गाडी अमरावतीला पोचली. जिन्यावरून टाळ्या पडल्या.

केतकी डोळे पुसत उठली आणि ज्योत्स्नाला घट्ट मिठी मारून वर सामान बांधायला गेली. रांग पुढे सरकली. आता खुर्चीवर चौऱ्याऐंशी नंबरची मुलगी येऊन बसली, पहिल्या वर्षाची, कायम हसणारी. सात खोल्यांच्या यादीत तिची खोली सगळ्यात वर होती आणि मेच्या नव्या तक्त्यात तिच्यापुढचा आकडा अडतीसवर गेला होता. तिला तो माहीत नव्हता.

"मी आपली गंमत म्हणून आले, ताई," ती वायर जोडता जोडता म्हणाली. "आमच्या घरी तसं सगळं मस्त आहे. आई रोज म्हणते."

ज्योत्स्नाने तिच्याकडे पाहिलं. मग स्टूल ओढून ती तिच्या अगदी शेजारी, हात धरता येईल इतकी जवळ बसली.

"प-प-पक्कं ना?" तिने विचारलं, आणि मुलीने तिचा शब्द पुरा होईपर्यंत वाट पाहिली. "लावू का फोन?"